पाठीची गादी सरकलेल्या लहान कुत्र्याची घरची शुश्रूषा

इंदूरच्या रामबागेत आमच्या घरी सोनी नावाची डॅशहाऊंड जातीची कुत्री आहे. ती सहा वर्षांची असताना जानेवारीतील एका सकाळी दिवाणावरून उतरताना किंचाळली आणि त्यानंतर पाठीची कमान करून, मान खाली घालून, थरथरत एकाच जागी उभी राहिली. पोळीचा तुकडा दाखवला तरी तिने पाऊल उचलले नाही. थंडीने अंग आखडले असेल असे घरात सर्वांना वाटले. प्रत्यक्षात तिच्या मणक्यांमधील गादी सरकली होती. पुढील चार महिन्यांत आम्ही जे शिकलो, जेथे चुकलो आणि डॉक्टरांनी जे पुन्हापुन्हा बजावले, ते येथे लिहीत आहे. डॅशहाऊंड, पामेरियन, पग, शिह त्झू, ल्हासा अशी लहान कुत्री आता आपल्या घरांत पुष्कळ दिसतात. त्यांच्या पाठीचे किंवा सांध्याचे दुखणे निभावून नेणे हे मुख्यतः घरच्या माणसांचे काम आहे, कारण डॉक्टरांसमोर जनावर दहा-पंधरा मिनिटे असते आणि बाकीचा सारा वेळ ते आपल्या डोळ्यांसमोर असते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढच्या सर्व सूचना तिच्यावर उभ्या आहेत. औषधाने दुखणे चार-सहा दिवसांत थांबते, परंतु फाटलेली गादी सांधायला सहा आठवडे लागू शकतात. मधल्या काळात कुत्रे शेपूट हलवते, भुंकते, उडी मारू पाहते, आणि घरातील प्रत्येकाला ते बरे झाल्यासारखे वाटते. बहुतेक नुकसान याच दिवसांत होते.

पहिला तास

कुत्रे अचानक किंचाळले, उचलताना ओरडले, पाठ ताठ धरून चालू लागले, मान वर करीना किंवा मागचे पाय लटपटू लागले, तर सर्वांत आधी त्याचे चालणे थांबवावे. ‘जरा चालवून पाहू, मोकळे होईल’ हा विचार मनात आणू नये. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांच्या मागून ढुंगणाखाली घालावा, आणि पाठ जमिनीला समांतर राहील अशा रीतीने त्याला अंगाशी धरावे. पुढच्या दोन पायांच्या बगलेत हात घालून लहान मुलासारखे उभे उचलल्यास कंबर खाली लोंबते आणि दुखऱ्या मणक्यांवर नेमका तेथेच ताण पडतो. मुले कुत्र्याला नेहमी असेच उचलतात, म्हणून त्यांना उचलण्याची रीत हातात हात धरून शिकवावी.

मागचे पाय निकामी झाले असतील, किंवा गाडीची धडक, गच्चीवरून पडणे असा अपघात असेल, तर कुत्र्याला सपाट फळीवर सरकवून न्यावे. आम्ही कपाटातील एक फळी काढली, तिच्यावर घडी घातलेली गोधडी अंथरली, सोनीला आडवे सरकवले आणि खांद्यावर व कमरेवर ओढणीचे सैल पट्टे बांधले. वेदनेत मायाळू कुत्रेही चावते. त्यामुळे तोंडाभोवती मऊ पट्टी बांधणे शहाणपणाचे असते. मात्र पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला, धाप लागलेल्याला किंवा उलटी होत असलेल्याला तशी पट्टी बांधू नये.

घरातील औषधांच्या डब्याला हात लावू नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल या माणसांच्या गोळ्या लहान कुत्र्याचे पोट, मूत्रपिंड किंवा यकृत बिघडवू शकतात, आणि पाच-सात किलोच्या जनावराला अर्धी गोळीही थोडी नसते. वेदनाशामक बाम लावू नये, कारण ते चाटले जाते आणि त्यातील कापूर व इतर द्रव्ये कुत्र्याला विषारी ठरतात. हाडे बसवून देणाऱ्या जाणत्याकडे किंवा मालीश करणाऱ्याकडे नेण्याचा सल्लाही कोणी ना कोणी देतोच. सरकलेल्या गादीवर दाब दिला गेला तर लंगडणारे कुत्रे कायमचे पांगळे होऊ शकते, म्हणून हा सल्ला देणारा कितीही जवळचा असला तरी ऐकू नये.

नेमके काय बिघडले आहे

कुत्र्याला मानेचे ७, छातीचे १३ आणि कमरेचे ७ मणके असतात. त्यांच्यामधील गादीला बाहेरून चिवट तंतूंचे कडे आणि आत मऊ गर असतो. आखूड पायांच्या जातींमध्ये हा गर तरुणपणीच कोरडा पडून चुन्यासारखा घट्ट होऊ लागतो, आणि मग एखाद्या साध्या उडीने कडे फाटून तो वर मज्जारज्जूवर जाऊन आदळतो. स्वीडनमधील पशुवैद्य हॅन्सन यांनी १९५२ साली या विकाराचे दोन प्रकार वेगळे केले, आणि पशुवैद्य आजही ‘हॅन्सन पहिला’ व ‘हॅन्सन दुसरा’ असेच म्हणतात. पहिला हा अचानक फुटणारा. दुसऱ्यात गादी हळूहळू फुगत जाते आणि तो बहुधा वयस्क कुत्र्यांत दिसतो. आखूड पाय आणि लवकर कडक होणारी गादी या दोहोंचा संबंध एका जनुकाच्या बाराव्या गुणसूत्रावरील जादा प्रतीशी असल्याचे कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१७ साली दाखवले. हे सांगण्याचे कारण असे की, घरातील प्रत्येक जण ‘मी तिला दिवाणावर घेतले म्हणून हे झाले’ असे मनाला लावून घेतो. उडी हे निमित्त असते. गादी त्याआधी कित्येक महिने झिजलेली असते.

बरगड्या संपून कंबर सुरू होते त्या जागी ही गादी सर्वाधिक सरकते, म्हणून मागचे पाय आधी जातात. दुखणे कितपत पुढे गेले आहे हे डॉक्टर पाच पायऱ्यांनी मोजतात. पहिल्या पायरीवर फक्त वेदना असते. दुसऱ्यावर कुत्रे चालते, पण झिंगल्यासारखे. तिसऱ्यावर पाय हलतात, पण उभे राहता येत नाही. चौथ्यावर पाय अजिबात हलत नाहीत, मात्र संवेदना शिल्लक असते, आणि पाचव्यावर तीही जाते. येथे घरच्या माणसांची हमखास फसगत होते. पायाचे बोट दाबल्यावर कुत्र्याने पाय आखडून घेतला की आपल्याला आनंद होतो, परंतु ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. मेंदूपर्यंत काहीच पोचलेले नसताना ती घडते. कुत्र्याने मागे वळून पाहिले, कण्हले किंवा चावायला आले, तरच संवेदना आहे असे समजावे. ही परीक्षा डॉक्टरांनीच करावी, आपण चिमटे काढत बसू नये.

पहिल्या दोन पायऱ्यांवर पिंजऱ्यातील विश्रांती आणि औषधे यांनी बहुतेक कुत्री सावरतात. तिसरीपासून शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो. संवेदना असताना शस्त्रक्रिया झाली तर दहातील नऊच्या आसपास कुत्री पुन्हा चालतात, आणि संवेदना गेल्यानंतर हे प्रमाण निम्म्याच्या जवळपास येते. त्यामुळे पाय हलेनासे झाले तर सकाळची वाट पाहू नये. साध्या एक्स-रेवर गादी दिसत नाही. मणक्यांमधील अंतर कमी झाल्यासारखी खूण तेवढी दिसते. नेमकी जागा कळायला सीटी किंवा एमआरआय लागतो, आणि कुत्र्यांसाठी ही सोय प्रत्येक शहरात नसते. म्हणून अशा तपासणीची आणि मणक्याच्या शस्त्रक्रियेची सोय कोठे आहे, हे कुत्रे अजून चालत असतानाच फोन करून विचारून ठेवावे. इंदूरकरांना महूचे पशुचिकित्सा महाविद्यालय पंचवीस-एक किलोमीटरवर आहे. ते १९५५ पासून चालू आहे, आणि दुसरे मत घ्यायचे असेल तर तेथे विचारणा करता येते. प्रवासात कुत्र्याला मांडीवर न घेता पेटीत किंवा टोपलीत चारी बाजूंनी गोधडी खोचून ठेवावे, म्हणजे खड्ड्यात गाडी आदळली तरी अंग घसरत नाही.

सांध्यांचे दुखणे वेगळे ओळखू येते. पामेरियनच्या गुडघ्याची वाटी आतल्या बाजूला सरकते तेव्हा ते धावता धावता दोन-चार पावले तीन पायांवर उड्या मारते, पाय मागे झटकते आणि काही झालेच नाही असे पुन्हा धावू लागते. गुडघ्यातील लिगामेंट तुटले तर पाय जमिनीला जेमतेम टेकतो आणि बसताना बाहेर फेकला जातो. वर्षाच्या आतील लहान जातीचे पिल्लू एकाच मागच्या पायाने लंगडत असेल, तर खुब्यातील हाडाचा रक्तपुरवठा बिघडलेला असू शकतो. पाठ की सांधा, हे ताडण्याची एक सोपी खूण डॉक्टरांनी आम्हाला दाखवली. कुत्र्याला पोटाखाली आधार देऊन उभे करावे आणि मागचे पाऊल हलकेच उलटे, वरची बाजू जमिनीकडे करून ठेवावे. सांधा दुखणारे कुत्रे पाऊल लगेच सरळ करते. मज्जारज्जूला इजा झालेले कुत्रे ते तसेच उलटे ठेवून उभे राहते. नखे घासत चालणेही याच दुसऱ्या प्रकारात मोडते.

पिंजरा आणि सहा आठवडे

विश्रांती म्हणजे खोलीचे दार लावून ठेवणे असे आम्हाला वाटले होते. खोलीत खुर्ची असते, खिडकी असते, दारावरची घंटा वाजली की धावायला जागा असते. फाटलेल्या कड्यावर खपली धरावी तशी नवी तंतूंची जाळी धरते, आणि गादीला रक्तपुरवठा अगदी थोडा असल्यामुळे ही जाळी फार सावकाश पक्की होते. तोवर कुत्र्याला उडी मारता येणार नाही, धावता येणार नाही आणि मागच्या पायांवर उभे राहता येणार नाही एवढ्याच जागेत त्याला ठेवावे लागते. नुसती वेदना असेल तर निदान चार आठवडे, पाय लटपटत असतील तर बहुधा सहा, आणि नेमके किती ते डॉक्टर ठरवतील.

सात किलोच्या कुत्र्याला साधारण ७५ सेंटिमीटर लांब आणि ५० सेंटिमीटर रुंद पिंजरा पुरतो. त्यात त्याला ताठ उभे राहता आले पाहिजे, वळता आले पाहिजे आणि पाय पसरून झोपता आले पाहिजे. याहून मोठी जागा नको. तळाशी आधी रबरी चटई, तिच्यावर घट्ट गादी आणि वर रोज बदलता येईल अशी जुन्या सुती लुगड्याची किंवा चादरीची घडी अशी रचना ठेवावी. फार मऊ गादीत पाय रुततात आणि उठताना पाठ पिळते. पाण्याचे भांडे जाळीला अडकवावे. पिंजरा माणसांचा वावर असलेल्या खोलीत, पण दरवाजा आणि खिडकी समोर दिसणार नाही अशा कोपऱ्यात ठेवावा. सोनीचा पिंजरा आम्ही प्रथम पुढच्या खोलीत ठेवला होता. दूधवाला, कचरागाडीचे गाणे, जिन्यावरील पावले, प्रत्येक आवाजाला ती उसळत असे. देवघराशेजारच्या कोपऱ्यात हलवल्यावर दुसऱ्या दिवसापासून ती झोपू लागली.

लघवी-शौचासाठी दिवसातून चार-पाच वेळा उचलून अंगणात न्यावे, तीन ते पाच मिनिटे आखूड दोरीवर थांबावे आणि पुन्हा उचलून आणावे. दोरी गळ्यातील पट्ट्याला बांधू नये, छातीभोवतीच्या हार्नेसला बांधावी. मानेची गादी सरकली असेल, किंवा अगदी छोट्या जातींत मानेच्या पहिल्या दोन मणक्यांचा सांधा सैल असेल, तर पट्ट्याचा एक झटका घातक ठरतो. मागचे पाय लटपटत असतील तर पंचाची लांब पट्टी करून कमरेखालून, मांड्यांच्या पुढून घ्यावी आणि दोन्ही टोके वर एका हातात धरावीत. पंचाने कुत्र्याला उचलून धरायचे नसते. तोल गेला तर सावरण्यापुरताच तो असतो. गल्लीत मोकाट कुत्री असतील तर सोबत दुसरे माणूस असावे.

आमची चूक बाराव्या दिवशी झाली. सोनी तोवर छान खात होती, उभी राहत होती, पिंजऱ्याची जाळी पंजाने वाजवत होती. पाहुणे आले, तिचे रडणे ऐकवेना, आणि आईंनी ‘पाच मिनिटांनी काय होतंय’ म्हणून दार उघडले. ती सरळ दिवाणावर चढली. त्या रात्री काही जाणवले नाही. सकाळी तिचे मागचे पाय चालताना एकमेकांत अडकत होते, आणि दुपारपर्यंत ती कमरेतून खाली बसू लागली. पहिल्या पायरीवरचे दुखणे दुसऱ्या पायरीवर गेले आणि दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली. आईंना त्याचा फार त्रास झाला; त्यांना कोणी नीट समजावून सांगितलेच नव्हते, हा दोष आमचा होता. म्हणून पिंजरा आणण्याआधी घरातील सर्वांना, वरकामाच्या बाईंनाही, एकत्र बसवून दोन गोष्टी सांगाव्यात: दार कोणी उघडायचे, आणि कोणत्या तारखेपर्यंत ते कोणीही उघडायचे नाही. ती तारीख मोठ्या अक्षरांत लिहून पिंजऱ्यावर चिकटवावी.

कोंडलेल्या कुत्र्याचे मन रमवणे हेही शुश्रूषेतच येते. जेवण वाडग्यात एकदम न देता गुंडाळलेल्या फडक्याच्या घड्यांत लपवून द्यावे, म्हणजे ते हुंगून शोधण्यात अर्धा तास जातो. दिवसातून दोन-तीन वेळा पिंजऱ्याशेजारी जमिनीवर बसून हात आत घालावा आणि बोलावे. तरीही ते सारखे रडत असेल तर गॅबापेंटिन किंवा ट्रॅझोडोनसारखी शांत ठेवणारी औषधे डॉक्टरांना विचारून देता येतात. त्यात कमीपणा मानू नये. दिवाळीचे फटाके आणि राजवाड्याकडे जाणारी रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, यांचे दिवस कॅलेंडरवर पाहून, असे औषध आदल्या आठवड्यातच विचारून ठेवावे.

लघवी

पाय निकामी झालेल्या कुत्र्याच्या बाबतीत सर्वाधिक दुर्लक्ष याच गोष्टीकडे होते. उचलल्यावर लघवी गळते, अंथरूण ओले होते, म्हणून लघवी होत आहे असे आपण समजतो. पुष्कळदा मूत्राशय काठोकाठ भरून वरचे तेवढे सांडत असते. तुंबलेली लघवी राहिली की जंतुसंसर्ग होतो आणि मूत्राशयाचे स्नायू ताणून निकामी होऊ शकतात. त्यामुळे दर सहा ते आठ तासांनी ते हाताने रिकामे करावे लागते. कुत्र्याला उभे धरून, मांड्यांच्या अगदी पुढे पोटाच्या दोन्ही बाजूंना बोटे सपाट ठेवावीत. भरलेले मूत्राशय पाण्याने भरलेल्या छोट्या फुग्यासारखे हाताला लागते. दोन्ही बाजूंनी हळूहळू, न सोडता, थोडेसे मागच्या दिशेने दाबत राहावे. झटका देऊ नये आणि बोटांची टोके रुतवू नयेत. हे वाचून जमणारे काम नाही. दवाखान्यात डॉक्टरांच्या हातावर आपला हात ठेवून ते शिकावे, नंतर आपण करून दाखवावे, आणि जमेपर्यंत घरी परतू नये. लघवी गढूळ, लालसर किंवा उग्र वासाची झाली तर तपासून घ्यावी. अंगाला लागलेली लघवी कोमट पाण्याने पुसून कातडी कोरडी करावी. पावसाळ्यात काहीच लवकर वाळत नाही, तेव्हा पोट आणि मांड्यांवरचे केस कापून टाकलेले बरे. उठता न येणाऱ्या कुत्र्याची कूस दर चार तासांनी बदलावी आणि खुबे, कोपर, घोटे येथे लालसरपणा दिसतो का ते रोज पाहावे.

औषधे

मेलोक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन या गटातील सूज उतरवणारे औषध आणि स्टिरॉइड ही दोन्ही एकाच वेळी कधीही देऊ नयेत. पोटात व्रण पडतात आणि रक्तस्राव होतो. आम्हाला पहिल्या दिवशी एका दवाखान्यात ‘गारठ्याचे दुखणे’ म्हणून एक इंजेक्शन मिळाले आणि त्याचे नाव कागदावर लिहिलेले नव्हते. दुसऱ्या डॉक्टरांनी तोंडाने औषध सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी सोनीची विष्ठा डांबरासारखी काळी झाली. काळी विष्ठा, उलटी किंवा अन्नावरची वासना उडणे यांपैकी काहीही दिसले तर पुढचा डोस थांबवून लगेच फोन करावा. प्रत्येक इंजेक्शनचे नाव, मात्रा आणि वेळ वहीत लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून बाहेर पडू नये. गॅबापेंटिनचे माणसांसाठीचे पातळ औषध देण्याआधी त्यात झायलिटॉल नाही ना हे पाहावे, कारण ते गोडद्रव्य कुत्र्याला विषारी असते.

व्यायाम, सावकाश

शस्त्रक्रिया झाली असेल तर टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाने दहा मिनिटे गार शेक, आणि सूज उतरल्यानंतर स्नायूंना कोमट शेक द्यावा. शेकाची पिशवी आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावी. पुढील सर्व व्यायाम डॉक्टरांनी होकार दिल्यावरच सुरू करावेत.

प्रथम कुत्र्याला कुशीवर झोपवून वरच्या पायाचे सांधे एकेक करून हलवावेत. बोटे, घोटा, गुडघा, खुबा या क्रमाने, प्रत्येक सांधा दहा वेळा, सांध्याच्या वर आणि खाली असा दोन्ही हातांचा आधार देऊन, जेथवर तो सहज जातो तेथवरच. नंतर संपूर्ण पाय सायकल चालवल्यासारखा फिरवावा. पायाच्या बोटांमधील कातडीला गुदगुल्या केल्या की कुत्रे पाय मागे ओढते. हा ओढण्याचा जोर आठवड्यागणिक वाढताना हाताला कळतो आणि फार धीर देतो. दिवसातून दोन-तीन वेळा एवढे पुरे. मग पोटाखाली हात धरून, चारही पावले सरळ जमिनीवर टेकवून दहा-पंधरा सेकंद उभे करावे. पाय थरथरू लागले की थांबावे.

चालणे सुरू झाल्यावर एका गोष्टीला जपावे, ती म्हणजे गती. भरभर चालवले की कुत्रे दुखरा पाय उचलून तीन पायांवर निभावून नेते आणि आपल्याला ते छान चालते आहे असे वाटते. पाऊल मोजत, माणसाला कंटाळा येईल इतक्या संथपणे चालवले तरच त्याला चौथा पाय टेकावा लागतो. पहिल्या आठवड्यात सपाट जमिनीवर पाच मिनिटे, दिवसातून दोनदा; दर आठवड्याला तीन-चार मिनिटे वाढ. दुसऱ्या दिवशी लंगडणे वाढलेले दिसले तर दोन पावले मागे यावे. पुढे आम्ही स्वयंपाकघरातील चार लाटणी जमिनीवर हात-हातभर अंतरावर ठेवली, बाजूने विटेचे तुकडे लावले म्हणजे ती गडगडणार नाहीत, आणि सोनीला त्यांवरून सावकाश नेले. लाटणे ओलांडताना तिला प्रत्येक पाय उचलून कोठे टाकायचा हे ठरवावे लागत असे. पहिल्या दिवशी मागचा उजवा पाय प्रत्येक लाटण्याला लागला. विसाव्या दिवशी एकालाही लागला नाही. गुडघ्याच्या दुखण्यातही हाच व्यायाम उपयोगी पडतो. पाण्यातील व्यायाम उत्तम, पण तो जाणकाराच्या हाताखालीच. घरच्या टाकीत किंवा तलावात सोडलेले कुत्रे घाबरून पाठ वेडीवाकडी पिळते.

फरशी आणि ताट

कोटा किंवा चकचकीत फरशीवर सशक्त कुत्रेही घसरते. पिंजरा, पाण्याचे भांडे आणि दरवाजा यांना जोडणारी रबरी तळाच्या चटयांची सलग वाट करावी. नुसती सतरंजी टाकल्यास ती स्वतःच सरकते. नखे कापलेली ठेवावीत आणि पंजाखालचे केस कातरावेत. दिवाणाला उतरण बांधली तरी ती वापरायची सवय दोरीवर लावावी लागते. थंडीत रात्रीचे तापमान दहा अंशांच्या आसपास येते तेव्हा जुने सांधे आखडतात. अंथरुणाखाली घोंगडीचा एक थर वाढवावा.

खाण्याविषयी मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण आपल्या घरांत प्रेम ताटातून वाहते. सात किलोच्या, पिंजऱ्यात पडून असलेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण ३०० ते ३५० किलोकॅलरी पुरतात. तूप लावलेल्या एका पोळीतूनच शंभराहून अधिक मिळतात. सकाळी आजोबांची अर्धी पोळी, नाश्त्याला पोह्यांवरची शेव, रात्री दूध-पोळी, आणि त्याशिवाय त्याचे स्वतःचे जेवण असा हिशेब केला की आजारी पाठीवर कोण ओझे लादत आहे ते दिसते. बरगड्या दाबून न शोधता बोटांना लागल्या पाहिजेत आणि वरून पाहिल्यावर कंबर दिसली पाहिजे. वजन जास्त असेल तर ते आठवड्याला एक ते दोन टक्के या बेताने उतरवावे. आम्ही दिवसभराचे सर्व खाणे सकाळीच एका डब्यात मोजून ठेवू लागलो. ज्याला लाड करायचे असतील त्याने त्याच डब्यातून द्यावे. पोह्यांतील कांदा, लसूण, द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला देऊ नयेत.

नंतर

सहा आठवड्यांनंतर पिंजऱ्याचे दार एकदम कायमचे उघडू नये. आधी एक खोली, आपण समोर असताना, अर्धा तास. मग हळूहळू वाढ. जिना आणि उडी मात्र आयुष्यभरासाठी बंद समजावी, कारण ज्या कुत्र्याची एक गादी सरकली त्याच्या इतरही गाद्या तशाच कोरड्या असतात. पाय पूर्ण न सावरलेली कुत्रीही चाकांच्या गाडीवर आनंदाने जगतात. केवळ पाय गेले म्हणून कुत्र्याला चिरनिद्रा देण्याची घाई करू नये. वेदना नसेल आणि लघवी सांभाळणारे माणूस घरात असेल तर त्याचे दिवस चांगले जातात.

वहीत रोज तीनच नोंदी कराव्यात: पावले उलटी पडतात का, लघवी सहज होते का, आणि उचलताना कण्हते का. पाठीची कमान, थरथर किंवा दिवाणाजवळ जाऊन नुसते पाहत उभे राहणे यांपैकी एकही खूण पुन्हा दिसली, तर आधी पिंजरा आणि मग फोन. आमचा पिंजरा आम्ही माळ्यावर टाकलेला नाही. तो देवघराशेजारी दार उघडे ठेवून तसाच आहे, आणि दुपारी सोनी आपणहून त्यात जाऊन झोपते.